हेंद्रेपाड्याचे ऐकते सभासद

बदलापुरात हेंद्रेपाड्यातलं आमचं वाचनालय कौसाबाईंच्या ओटीवर भरायचं. दोन कपाटं, एक टेबल, एक सतरंजी आणि कोपऱ्यात भाताची कणगी. कणगीला टेकून बसायचं नाही, एवढी एकच अट कौसाबाईंनी घातली होती. त्यांचे यजमान महिपती यांनी नवं पक्कं घर बांधताना ओटी ऐसपैस काढली आणि मग तिचं काय करायचं ते त्यांना सुचेना. शेजारच्या कॉलनीतल्या आम्ही चार बायकांनी विचारलं, तर म्हणाले, "बसा की. नायतरी कुत्रीच झोपतात."

हे ब्याऐंशी सालचं. कौसाबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असतील, मी छत्तीसची.

वाचनालय खरं म्हणजे आमचं नव्हतं. ते अंबरनाथचं, 'सहविचार वाचनालय', आणि आम्ही त्याची शाखा. आणखी एक शाखा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये होती. अंबरनाथला स्वतःची इमारत होती, अध्यक्ष होते, कार्यकारिणी होती आणि हिरव्या मुखपृष्ठाची छापील घटना होती. आम्हाला दर महिन्याला सायकलवरून एक पत्र्याची पेटी येई. पेटीत साठ पुस्तकं. कुठली, ते अंबरनाथ ठरवणार. तिथल्या वाचकांनी ज्यांना हात लावला नाही ती पुस्तकं आमच्याकडे येतात, असा आमचा संशय होता. कोंबड्या पाळण्यावरचं एकच पुस्तक आम्हाला तीन वेळा आलं. वेळही तिकडूनच ठरलेली, संध्याकाळी सहा ते आठ. कारखान्यातून सुटलेल्या साहेबलोकांना ती सोयीची. आमच्याकडे त्या वेळी घरोघर तवा तापलेला असायचा.

त्र्याऐंशी साली आमची ग्रामपंचायत गेली आणि बदलापूर कल्याणच्या मोठ्या महापालिकेत जमा झालं. तोवर सरपंचाला बाजारात गाठून दोन शब्द सुनावायची सगळ्यांना सवय. आता कोणाला गाठायचं तेच कळेना. कॉलनीत जो तो तावातावानं बोलत होता, आणि सगळ्यांत जास्त वृंदा. वृंदाचे यजमान अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, पण अधिकारवाणी घरात तिच्याकडे होती.

"महापालिकेला आपण काही सांगू शकत नाही," ती म्हणाली, "पण वाचनालयाला सांगू शकतो. चल मालिनी, अर्ज लिही."

अर्ज लिहायचं काम नेहमी माझं, कारण मी शाखेची चिटणीस आणि माझं अक्षर बरं. आम्ही मागितलं ते एवढंच: आमची पुस्तकं आम्ही निवडू, आमची वेळ आम्ही ठरवू आणि सभासद कोणाला करायचं ते आमचं आम्ही बघू.

तेव्हाचे अध्यक्ष बाळ गुप्ते. गोरेपान, गोड बोलणारे, कोणाला नाही म्हणताना त्यांना घाम फुटायचा. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये ठराव झाला: 'हेंद्रेपाडा शाखेस ग्रंथनिवड, वेळ व सभासद-नियम यांबाबत एक वर्षासाठी अधिकार देण्यात येत आहेत. मुदत संपण्यापूर्वी शाखेने नव्याने अर्ज करावा.' पाठोपाठ उल्हासनगरलाही तसाच ठराव मिळाला. त्यांनी आपलं वाचनालय बाजार बंद झाल्यावर उघडायला सुरुवात केली.

मी ठरावाची प्रत घरी आणली. आमचे हे, श्रीपाद, मंत्रालयात महसूल खात्यात होते. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली.

"एकच वर्ष दिलंय," मी म्हटलं.

"मग काळजी नको. सरकारात एका वर्षासाठी दिलेली गोष्ट कायमची चालते आणि कायमची दिलेली पाच वर्षांत बंद होते."

"हे सरकार नाहीये. वाचनालय आहे."

"दिल्ली मुंबईला देते, मुंबई कल्याणला देते, अंबरनाथ तुम्हाला देतं. देणारा हात नेहमी वर असतो, मालिनी. तो खाली यायच्या आत वापरून घ्या."

आम्ही वापरून घेतलं. वेळ दुपारी दोन ते चार केली. कोंबड्या अंबरनाथला परत पाठवल्या. आणि तिसऱ्या अधिकाराला हात घातला तो कौसाबाईंनी.

दुपारी वाचनालय उघडलं की मी तिथंच बसून थोडं मोठ्यानं वाचायची, कारण राजाबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांची दृष्टी अधू. कौसाबाई आतल्या उंबऱ्यात सूप घेऊन पाखडत बसायच्या. आधी वाटलं, पाखडतायत. मग लक्षात आलं की रोज तेच तांदूळ आहेत. एकदा मी पान संपवून पुस्तक मिटलं, तर आतून आवाज आला, "मंग त्या पोरीला सासरी नेली का नाय?"

दुसऱ्या दिवशी त्या सूप ठेवून बाहेर आल्या आणि वृंदापुढं उभ्या राहिल्या.

"मना बी कार्ड पायजे."

"कौसाबाई, कार्डाला वाचता यावं लागतं. नियम आहे."

"नियम कोनाचा?"

"अंबरनाथचा."

"गेल्या महिन्यात तुमीच नाचत आलात ना, आता नियम आपला म्हनून? घर माजं, ओटी माजी, कनगी माजी आनि मीच बिगर कार्डाची?"

वृंदाला उत्तर सुचलं नाही, ही घटना मी आयुष्यात दोनदाच पाहिली. त्याच दुपारी शाखेची सभा झाली आणि नियम झाला: ज्याला वाचता येत नाही त्यालाही सभासद होता येईल, तो 'ऐकता सभासद' समजावा, त्याचे हक्क वाचत्या सभासदाइतकेच. कौसाबाईंनी अंगठा उठवला आणि पुस्तक घरात नेलं. घर म्हणजे आतली खोली. मी विचारलं, आत नेऊन काय करणार? तर म्हणाल्या, "माज्या आधी कुनी म्होरं वाचू नये म्हनून."

मग ओटी भरायला लागली. शेतावरून आलेल्या मोतीबाई, कारखान्यात रात्रपाळी करून दुपारी मोकळे असलेले दोघे-तिघे, वीटभट्टीवरच्या बायका. दहा वर्षांत एकतीस ऐकते सभासद झाले. वाचते त्यांच्याहून थोडे जास्त, पण पुस्तकाच्या बाबतीत चोखंदळ हेच. वाचणारा माणूस कंटाळवाणी पानं गुपचूप उलटतो. ऐकणारा लगेच म्हणतो, "हे ऱ्हाऊ द्या, म्होरं चला." पुढं पुढं तर आम्ही खरेदी करताना आधी कौसाबाईंना पहिली दोन पानं ऐकवायचो. कौसाबाईंना आम्ही शाखेच्या उपाध्यक्ष केलं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

राहता राहिला दरवर्षीचा अर्ज. मुदत मार्चअखेर संपायची, म्हणून आम्ही संक्रांतीलाच अर्ज पाठवायचो. तिळगुळाचा मोठा स्टीलचा डबा, त्यात वरती जाड कागदावरचा अर्ज चौघडी करून ठेवलेला, आणि डबा गुप्त्यांच्या घरी. दोन-चार दिवसांनी डबा परत यायचा. कधी त्यात बेसनाचे लाडू असायचे, कधी चिवडा, एका वर्षी नुसतीच मूठभर साखर. पहिल्या वर्षी मी वृंदाला विचारलं होतं, मंजुरीचं पत्र कुठाय?

"डबा रिकामा आला का?"

"नाही. लाडू आहेत."

"मग झालं की. नाही म्हणायचं असतं तर लाडू दिले असते का?"

मला ते पटलं. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा आम्हा दोघींनाच नाही, सगळ्या शाखेला ते पटलं. नऊ वर्षं डबा भरलेला आला आणि नऊ वर्षं आम्ही मंजुरी मिळाली असं धरून चाललो.

ब्याण्णव साली बदलापूर महापालिकेतून बाहेर पडलं आणि आमची वेगळी नगरपालिका झाली. अंबरनाथचीही झाली. श्रीपाद त्या दिवशी घरी येताना पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "बघ, वर गेलेला अधिकार कधी कधी खालीही येतो." गुप्ते पुढच्या संक्रांतीनंतर वारले. त्र्याण्णवच्या वार्षिक सभेत शशिकांत पोंक्षे अध्यक्ष झाले. ते एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं लोक किती वाजता आले आणि किती वाजता गेले हे लिहिण्यात काढलेली. माणूस सज्जन, पण त्यांनी एक गोष्ट केली जी आधीच्या कोणीही केली नव्हती. त्यांनी वाचनालयाची सगळी इतिवृत्तं पहिल्या पानापासून वाचून काढली.

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये त्यांचं पत्र आलं. हेंद्रेपाडा शाखेचे अधिकार एकतीस मार्च एकोणीसशे पंच्याऐंशी रोजी संपुष्टात आले आहेत. त्या अधिकारांत शाखेनं केलेले नियमही त्याच दिवसापासून निरर्थक ठरतात. ऐकते सभासद या नावानं नोंदलेल्या एकतीस व्यक्ती सभासद नाहीत. जुलैच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक नऊ म्हणून त्यांची नावं कमी करण्यात येतील. आपला विश्वासू वगैरे.

मी पत्र ओटीवर मोठ्यानं वाचलं. तिथं सगळंच मोठ्यानं वाचायची सवय. अर्ध्यावर आल्यावर कळलं की हे वाचायला नको होतं.

कौसाबाई म्हणाल्या, "म्हंजे मी नाय?"

"असं ते म्हणतात."

"धा वर्सं जी बसली ती कोन होती मंग?"

त्यावेळी आम्ही एक जाडजूड कादंबरी वाचत होतो. तीन पिढ्यांची गोष्ट, साडेसातशे पानं. आम्ही चारशे बाराव्या पानावर होतो. नातीनं आजीचं घर सोडायचं ठरवलं होतं आणि आजीला अजून ते कळलेलं नव्हतं. कौसाबाई त्या नातीवर इतक्या चिडलेल्या होत्या की घरातही तिच्याबद्दल बोलत. सून अंजनी मला एकदा म्हणाली होती, "तुमची ती पोरगी आली नाय ना परत, तवर आमच्या घरात शांती नाय." सभासद नाही म्हणजे पुस्तक नाही, उपाध्यक्षपद नाही, आणि ओटीवर दोन वाजता पाखडायला बसण्याखेरीज दुसरा हक्क नाही. कौसाबाईंनी कार्ड आणून माझ्यापुढं ठेवलं. कडा झिजून गोल झालेल्या. "हे परत करायचं?" मी म्हटलं, अजून नाही.

वृंदा म्हणाली, दरवर्षी अर्ज दिलेत, ते कुठंतरी असणारच. म्हणून आम्ही दोघी अंबरनाथला गुप्त्यांच्या घरी गेलो. उमावहिनींनी दार उघडलं, चहा टाकला, बाळासाहेबांची आठवण काढून डोळे पुसले. मग वृंदानं अर्जांचं विचारलं.

"कुठले गं अर्ज?"

"तिळगुळाच्या डब्यात असायचे ना. वरतीच. जाड कागद."

"अगो बाई, ते होय?" उमावहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या, आम्ही मागोमाग. त्यांनी फडताळाच्या वरच्या फळीवरून हळदीची बरणी उचलली. खाली माझं अक्षर होतं. "इतका छान कागद, टाकवेना. तुम्ही फळीवर घालायलाच पाठवता असं वाटलं मला. दर संक्रांतीला एक. मी म्हणायचीसुद्धा ह्यांना, बदलापूरच्या बायका किती विचार करतात."

चार फळ्यांवर नऊ अर्ज. पंच्याऐंशीच्या अर्जावर तेलाच्या किटलीचं गोल वर्तुळ, अठ्ठ्याऐंशीच्यावर मेथीचे दाणे चिकटलेले. एकावरही मंजूर नव्हतं. नामंजूरही नव्हतं.

"आणि ते लाडू?" वृंदानं विचारलं.

"डबा रिकामा कसा पाठवायचा गं?"

आम्ही अर्ज पुसून पिशवीत घातले. उमावहिनींना वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना फळ्यांसाठी कोरे कागद पाठवले.

जुलैतली सभा म्हणजे नेमकी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत. ऐकते सभासद बहुतेक शेतात, गुडघाभर चिखलात, उरलेले कामाधंद्यात अडकलेले. एकट्या कौसाबाई निघाल्या. आवणी अंजनीवर सोपवली, धुवट नऊवारी नेसल्या आणि महिपतींच्या पुतण्याच्या तीनचाकी टेम्पोत पुढच्या बाजूला बसल्या. आम्ही सात जणी मागं, आदल्या दिवशीच्या गवताच्या वासात.

महिपती रस्त्यापर्यंत आले होते. "जिंकून ये," ते म्हणाले. "नायतर ओटी काढून घेऊ म्हनून सांग."

"गप ऱ्हावा," कौसाबाई म्हणाल्या. "धमकी द्यायला काय भाडेकरू हायेत ते?"

अंबरनाथच्या सभागृहात दारातच हजेरीपत्रक ठेवलेलं. कौसाबाईंसाठी शिपायानं शाईचा पॅड आणला, त्यांनी अंगठा उठवला आणि बोट पदराला न पुसता वर धरूनच आत आल्या. पोंक्षे घड्याळ बघून बरोबर तीन वाजता उभे राहिले.

"गणपूर्तीसाठी पंचवीस सभासद आवश्यक. हजर पंचवीस. अंबरनाथ तेरा, उल्हासनगर चार, हेंद्रेपाडा आठ. सभा कायदेशीर आहे." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. गेली कित्येक वर्षं सभेला माणसं गोळा करताना नाकी नऊ येत, हे सगळ्यांना माहीत होतं.

पहिले आठ विषय भराभर उरकले. आठवा विषय सरकारी अनुदानाच्या ठरावाचा होता. तो महिनाअखेर ठाण्याला पोचलाच पाहिजे, असं पोंक्षे दोनदा म्हणाले. मग नववा.

पोंक्ष्यांनी मांडणी अगदी सभ्यपणे केली, हे मला सांगितलं पाहिजे. आवाज चढवला नाही. म्हणाले, "माझा कोणावर राग नाही. पण एक संस्था, एक नियम. आपल्या इमारतीचा वॉचमन सोमा. त्यानं गेल्या वर्षी माझ्याकडे सभासदत्व मागितलं. त्याला वाचता येत नाही. मी नाही म्हटलं, कारण घटना नाही म्हणते. आता तोच माणूस हेंद्रेपाड्याला गेला तर सभासद होतो. मी त्याला काय सांगू?"

मुद्दा खोटा नव्हता.

"त्याला हो म्हना," कौसाबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. पोंक्षेही थोडे हसले. "तसं नाही होत, बाई."

"आमच्याकडं झालं की. धा वर्सं झालं."

वृंदानं अर्जांची गड्डी टेबलावर ठेवली. मेथीचे दोन दाणे घरंगळले. तिनं डब्याची हकिकत सांगितली, लाडवांसकट. पोंक्ष्यांनी एकेक अर्ज उलगडून पाहिला.

"अर्ज म्हणजे मंजुरी नव्हे, वृंदाताई. आणि लाडू म्हणजे तर नव्हेच."

तेव्हा कौसाबाई उठल्या. "सायेब, माज्या शेताच्या बांधावरनं बाळाजीची वाट हाय. कागद नाय तिचा. त्याचा आजा चालायचा, बाप चालायचा, आता तो चालतो. उद्या मी म्हनले की तुला एकाच वर्साची परवानगी होती, तर गाव मना काय म्हनंल? वाट वापरली की वाट होते. हिला वहिवाट म्हनतात. तुमच्या वहीत नसंल, आमच्या पायाखाली हाय."

कोणीतरी टाळी वाजवली. पोंक्षे म्हणाले, "शेतात ठीक आहे, बाई. संस्था घटनेवर चालते. मी मतं घेतो."

उल्हासनगरच्या शाखेचे प्रमुख होतचंद इतका वेळ डोळे मिटून बसले होते. कॅम्प चारमध्ये त्यांचा पडदे शिवायचा कारखाना. सिंधी माणूस, पण मराठी रहस्यकथांचा इतका भोक्ता की आधी शेवटचं पान वाचणाऱ्याचं कार्ड त्यांनी एकदा जप्त केलं होतं. त्यांनी एक डोळा उघडला.

"साईं, एक मिनिट. ही माई मेंबर नाही म्हणता. पंच्याऐंशीपासूनच नाही."

"होय. नियमाप्रमाणे."

"तो पचीस में ही माई मोजली के नहीं?"

पोंक्ष्यांनी हजेरीपत्रक जवळ ओढलं आणि बोटानं मोजलं. मग पुन्हा मोजलं, खालून वर.

"चोवीस होतील," ते म्हणाले.

"मग गणपूर्ती नाही," होतचंद म्हणाले. "सभाच नाही झाली. अनुदान का ठराव बी गेला. और ज्या सभेत माईला काढणार, तीच सभा नाही. मैं घर जाऊं? गिऱ्हाईक खोळंबलंय."

खोलीत कुजबुज सुरू झाली. पोंक्ष्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं अजून आहे. पस्तीस वर्षं हजेरी लिहिलेला माणूस, आणि हजेरीनंच धरलेला. ते म्हणाले, "सभा अर्धा तास तहकूब करू. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही."

"पिछले साल का बी जरा देखो ना," होतचंद म्हणाले.

पोंक्ष्यांनी पानं मागं उलटली. गेल्या वर्षी सव्वीस हजर होते. त्यांत हेंद्रेपाड्याच्या कौसाबाई, राजाबाई आणि मोतीबाई, तिघींचे तीन अंगठे. तिघी गेल्या की तेवीस. त्या सभेत एकच महत्त्वाचं काम झालं होतं. शशिकांत पोंक्षे यांची अध्यक्षपदी निवड.

वृंदा अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तहकूब अध्यक्षांनीच करायची असते ना? मग आता कोण करणार?"

पोंक्ष्यांनी वही मिटली. रुमालानं कपाळ पुसलं. मग ते असे हसले, की मला ते पहिल्यांदाच आवडले. "सभेची इच्छा असल्यास विषय क्रमांक नऊ वेळेअभावी पुढील वार्षिक सभेपर्यंत पुढे ढकलावा." तेव्हा सव्वाचार वाजले होते आणि बाहेर लख्ख उजेड होता. सगळ्यांनी हात वर केले. कौसाबाईंनी शाईचा अंगठा वर केला.

वृंदाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. ती पुन्हा उठायला लागली. "पुढं कशाला ढकलायचं? आता लागल्या हाती कायमचं लिहूनच घेऊ या. ठराव करा, की शाखेचे अधिकार कायम..."

कौसाबाईंनी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "बसा वृंदाताई. लिवलेलं खोडता येतं. हे कुनी लिवलंच नाय तर खोडनार काय?"

वृंदाला उत्तर सुचलं नाही ती दुसरी वेळ.

सभा संपली, चहा झाला. आम्ही टेम्पोची वाट बघत फाटकाशी उभ्या होतो तेव्हा पोंक्षे छत्री घेऊन खाली आले. थोडा वेळ आमच्याजवळ घुटमळले. मग कौसाबाईंना म्हणाले, "सध्या कुठलं पुस्तक चाललंय तुमच्याकडे?"

कौसाबाईंनी सांगितलं. नुसतं नाव नाही, पहिल्या पिढीपासून. विहीर कोणी खणली, दागिने कुठं गेले, आजीनं कोणाला माफ केलं आणि कोणाला नाही. पोंक्षे ऐकत राहिले. त्यांनी ती कादंबरी वाचलेली होती हे त्यांच्या मान हलवण्यावरून कळत होतं. कौसाबाई चारशे बाराव्या पानाशी येऊन थांबल्या.

"आता ती सटवी घर सोडून चाललीय."

"हो हो," पोंक्षे उत्साहानं म्हणाले, "पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, कारण पुढं ती काय करते माहितेय का, ती..."

"सांगू नका," कौसाबाई म्हणाल्या. "उद्या दोन वाजता मालिनीबाई सांगतील."

पोंक्ष्यांनी तोंड मिटलं. "सोमाला पाठवलं तर चालेल का?" त्यांनी विचारलं. "दुपारी त्याला सुटी असते."

"कनगीला टेकू नको म्हनावं त्याला," कौसाबाई म्हणाल्या, आणि टेम्पोत चढल्या.

सोमा आला. नंतर त्याचे दोघं-तिघं सोबतीही आले. नात परत आली की नाही ते मी इथं सांगत नाही. कौसाबाईंना आवडणार नाही.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये अंबरनाथहून वार्षिक सभेची छापील सूचना आली. विषय एक ते आठ नेहमीचे. विषय नऊ, हेंद्रेपाडा शाखेच्या अधिकारांबाबत. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या. मी नव्याण्णव साली चिटणीसपद सोडलं तेव्हाही विषय क्रमांक नऊ तिथंच होता. पण प्रत्येक सूचनेच्या तळाशी, छापील मजकुराखाली, पोंक्ष्यांच्या टाइम ऑफिसच्या सुबक अक्षरात एक ओळ असायची:

'कौसाबाईंना आवर्जून आणावे. गणपूर्तीचा प्रश्न आहे.'